गाडीपुढची रिकामी जागा

मंडळी, विषय फलकावर लिहिलेलाच आहे. पुढच्या गाडीला चिकटून चालवणाऱ्यांमुळे अपघात होतात, एवढंच सांगायचं असतं तर तुम्हाला इथवर बोलवायची गरज नव्हती. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. ज्या कोंडीच्या नावाने आपण बोटं मोडतो, तिच्यातली बरीचशी हीच चिकटणारी मंडळी तयार करतात आणि ज्या घाईपोटी चिकटतात ती घाई त्यांनाच उशीर करते. हे शेवटी दाखवतो. आधी थोडी पूर्वतयारी.

आपण गाडी वाईट चालवतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. (हशा) कुणीच नाही. स्वीडनच्या ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली हाच प्रश्न थोडा सभ्यपणे विचारला होता. त्यांच्या अमेरिकी गटातल्या ९३ टक्के लोकांनी स्वतःचं कसब गटातल्या मधल्या चालकापेक्षा वरचं ठरवलं. स्वीडिश गटात हा आकडा ६९ होता, म्हणजे तिथे थोडी लाज शिल्लक होती. तर मी जे सांगणार आहे ते बाहेरच्या लोकांबद्दल आहे असं समजा. तुमचाही अपमान नको आणि माझाही.

आता हिशोब. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पुढच्या गाडीचे ब्रेकदिवे लागले, डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात शिरलं, पाय ॲक्सिलरेटरवरून उठून ब्रेकवर पडला, यात लक्ष रस्त्यावर असलेल्या माणसाचेही एक ते दीड सेकंद जातात. दीड धरू. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३३ मीटर संपले. त्यानंतर कोरडा रस्ता, चांगले टायर आणि जोरात दाबलेला ब्रेक असेल तर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८-६९.

आणि लोक अंतर किती ठेवतात? दोन गाड्यांएवढं. धरा दहा मीटर. समजा पुढच्याने जोरात ब्रेक मारला. तुमचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत त्या दहातले जवळजवळ आठ मीटर खलास झालेले असतात आणि तुमची गाडी त्याच्यापेक्षा ताशी ३७-३८ किलोमीटरने जास्त वेगात असते. उरलेले दोन मीटर संपायला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. तुमचे ब्रेक कितीही नवे असोत, पुढच्याचेही तेवढेच चांगले असतील तर हा फरक मिटत नाही. 'माझे रिफ्लेक्स चांगले आहेत' म्हणणाऱ्यांसाठी हा हिशोब मुद्दाम सावकाश सांगितला.

वेगाचं म्हणाल तर ब्रेक लागल्यानंतरचं थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, हे शाळेत शिकलेलो असतो. पण शाळेत एक गोष्ट कुणी सांगत नाही. ताशी ८० ची गाडी ज्या जागी पूर्ण थांबते, त्याच जागी, तेवढ्याच सावध चालकाची ताशी १०० ची गाडी अजून ताशी ७१ ने धावत असते. वीसचा फरक एकाहत्तर होतो! ब्रेक लागायच्या आधीच तिचे जवळपास ४२ मीटर गेलेले असतात आणि सुरुवातीच्या मीटरांत वेग फारसा पडत नाही, तो पडतो शेवटी. ओल्या रस्त्यावर आणि गुळगुळीत टायरवर तर बोलायलाच नको. टायरच्या खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बाद. पण पाणी बाजूला सारायची ताकद त्याच्या बरीच आधी गेलेली असते.

अंतर मीटरमध्ये मोजायच्या भानगडीत पडूच नका, चालत्या गाडीतून ते कुणालाच जमत नाही. वेळेत मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी, पुलाच्या कठड्यापाशी, सावलीच्या कडेपाशी आली की मोजायला लागायचं: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तीन पुरे होण्याआधी तुम्ही त्याच खांबापाशी पोचलात तर जास्त जवळ आहात. पाऊस असेल तर दुप्पट. मागे सामानाने भरलेली जड गाडी चालवत असाल तर त्याहून थोडं अधिक. मोजायचं वेळेत असल्यामुळे वेग बदलला तरी नियम बदलत नाही, ही याची गंमत.

बरं, अंतराचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे नजर. ट्रकच्या मागे चिकटलात तर तुम्हाला ट्रकचं फाळकं दिसतं आणि त्यावरचा सुविचार. मागे सरकलात की ट्रकच्या दोन्ही बाजूंनी रस्ता उघडतो. म्हणून ओव्हरटेकची तयारी लांबून करायची असते. नाक बाहेर काढून डोकावणारे रोज दिसतात, त्यांना अंतर ठेवलं असतं तर डोकवायची वेळच आली नसती. आणि ट्रकचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर ट्रकवाल्याच्या लेखी तुम्ही जगातच नाही.

ब्रेकदिव्यांवरून आठवलं. आठवलं म्हणजे काय, हे बोलायचंच होतं. चार दिवे! आणीबाणीचे चारही इंडिकेटर एकदम लावून चालणारी जमात. आयोजकांनी मला याबद्दल दोनच मिनिटं दिली आहेत, पण दोन मिनिटांत हे आवरणारं नाही.

चौकात सरळ जायचंय म्हणून चार दिवे. हा शोध कुणी लावला मला कळत नाही. सरळ जायची खूण म्हणजे कुठलाच इंडिकेटर नसणं! आता आडव्या रस्त्याने येणाऱ्याच्या जागेवरून पाहा. त्याला तुमच्या गाडीचा एकच कोपरा दिसतो, दुसरा कोपरा शेजारच्या गाडीमागे झाकलेला. त्याला काय दिसतं? एका बाजूचा इंडिकेटर. म्हणजे हा वळणार, म्हणजे मी निघायला हरकत नाही. तो निघतो आणि तुम्ही सरळ येता. तुम्ही दिली ती सूचना त्याच्यापर्यंत नेमकी उलटी पोचली.

पावसातले तर विचारू नका. धो धो पाऊस लागला की सगळा रस्ता लखलखायला लागतो. या दिव्यांचा अर्थ ठरलेला आहे: ही गाडी थांबलेली आहे किंवा तिला काहीतरी झालंय. मागून येणारा, काच धुरकट झालेली, तो हे पाहून ब्रेक मारतो, त्याच्या मागचा त्याच्यामुळे मारतो. आणि जी गाडी खरोखरच बंद पडून रस्त्यात उभी आहे, ती या रोषणाईत ओळखायची कशी? शिवाय बहुतेक गाड्यांत चार दिवे चालू असताना वळायचा इंडिकेटर दिसतच नाही. तुम्ही दांडी खाली केली, आत टकटक झाली, बाहेर सगळं जसंच्या तसं. मग लेन बदलता आणि मागच्याने हॉर्न दिला की त्यालाच शिव्या.

पावसात दिसायचं असेल तर डिप्परवर हेडलाइट लावा, मागचे लाल दिवे आपोआप लागतात. इथे एक खोच आहे. हल्ली पुढचे दिवसाचे दिवे गाडी सुरू केल्याबरोबर लागतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो, त्यामुळे आपले दिवे चालूच आहेत असा समज होतो. अशा कितीतरी गाड्यांचा मागचा भाग त्या वेळी पूर्ण अंधारात असतो. स्विच हाताने फिरवा आणि एकदा उतरून मागे जाऊन बघा. मागचा धुक्याचा दिवा दाट धुक्यातच लावायचा आणि धुकं सरलं की बंद करायचा. तो ब्रेकदिव्याइतका प्रखर असतो, चालूच राहिला तर मागच्याला तुमचा खरा ब्रेक कळत नाही.

चालत्या गाडीत चार दिवे लावायची एक रास्त वेळ आहे. भरधाव रस्त्यावर पुढे अचानक रांग थांबलेली दिसली आणि रांगेतले शेवटचे तुम्ही, तर लावा. मागचा वेग कमी करतोय असं आरशात दिसलं की बंद करा. बस, तेवढंच.

आणि साधा इंडिकेटर? तो देतात, पण वरातीमागून घोडं. स्टिअरिंग फिरवून झालं, अर्धी गाडी दुसऱ्या लेनमध्ये गेली, मग टक टक. मागच्याला डोळ्यांनी दिसलेलंच पुन्हा कळवून काय उपयोग? क्रम असा: आधी आरसा, मग इंडिकेटर, त्याची चार-पाच लुकलुक होऊ द्या, पुन्हा आरसा, आणि मग स्टिअरिंग. इंडिकेटर ही परवानगी मागण्याची खूण आहे, मिळाल्याची नव्हे. तो नेहमीपेक्षा भराभर टकटकायला लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब उडाला आहे असं समजा.

आरसा म्हटलं आणि आता आरशांवर बोललो नाही तर ते अर्धवट राहील. दारावरच्या आरशात बहुतेकांना काय दिसतं? स्वतःच्याच गाडीची अर्धी बाजू. आपली गाडी आपल्यामागून येतेय ना, याची खात्री करत असावेत. (हशा) अशा आरशात मागचा रस्ता दिसतो, पण तो आतल्या मधल्या आरशातही दिसतच असतो. एकच दृश्य तीन-तीन आरशांत, आणि शेजारची लेन एकातही नाही. जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या इंजिनिअरने १९९५ साली भूमितीने हे मांडून दाखवलं होतं. करायचं काय, तर डोकं आपल्या बाजूच्या खिडकीच्या काचेला टेकेपर्यंत झुका आणि त्या बाजूचा आरसा हळूहळू बाहेर फिरवत न्या. आपल्या गाडीची कड आरशातून जेमतेम जाते ना जाते, तिथे थांबा. मग डोकं गाडीच्या मधोमध, दोन सीटच्या मध्ये आणा आणि दुसऱ्या बाजूचा आरसा तसाच लावा. सरळ बसलात की दोन्हींत स्वतःची गाडी दिसणार नाही. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटेल. पडताळा सोपा आहे: ओव्हरटेक करणारी गाडी मधल्या आरशातून बाहेर पडता पडता दाराच्या आरशात यायला हवी, आणि त्यातून बाहेर पडता पडता डोळ्याच्या कोपऱ्यात. मध्ये कुठे ती गायब होता कामा नये. तरीही लेन बदलण्याआधी मान वळवून एकदा पाहायचंच, दुचाकी फार छोट्या जागेत मावते. दुचाकीवाल्यांनो, तुमच्या आरशात कोपर दिसत असेल तर दांडा बाहेर फिरवा. आणि आरसे काढून कपाटात ठेवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं म्हणतात. म्हणजे ज्यासाठी आलो होतो ते आता पळत पळत सांगायचं, आणि अंतराबद्दल बोलणाऱ्याने वेळेचं अंतर राखलं नाही हे तुम्ही लक्षात आणून देणार. असो.

तर कोंडी. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराचा वर्तुळाकार रस्ता, त्यावर २२ गाड्या. सिग्नल नाही, चौक नाही, खड्डा नाही, अपघात नाही. सगळ्यांना सांगितलं, ताशी ३० च्या आसपास चालवत राहा. थोडा वेळ नीट चाललं, मग कुठेतरी दोन गाड्या जवळ आल्या, कुणीतरी किंचित ब्रेक लावला आणि बघता बघता काही गाड्या पूर्ण थांबल्या. ही थांबलेल्यांची गाठ गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० च्या वेगाने मागे मागे सरकत राहिली. आपण तासभर अडकून पुढे जातो आणि तिथे अडकण्यासारखं काहीच दिसत नाही, ते अनेकदा हेच.

कारण सकाळच्या हिशोबातच आहे. (हशा) सकाळच्या नाही, मघाच्या. पुढच्याने वेग पाचने कमी केला. तुम्ही चिकटलेले आणि तुम्हाला कळायला एक सेकंद उशीर, म्हणून तुम्हाला आठने कमी करावा लागतो, तुमच्या मागच्याला बाराने. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेत. दहाव्याला थांबावं लागतं आणि थांबलेली गाडी पुन्हा उचलायला जो वेळ जातो तो कुणीच भरून देत नाही. तीन सेकंद अंतर ठेवणारा माणूस काय करतो? पुढच्याचा तो पाचचा धक्का ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून स्वतःच्या मोकळ्या जागेत जिरवतो. ब्रेकला पाय लागत नाही, मागे लाल दिवा दिसत नाही, लाट तिथेच संपते.

नेहमीचा आक्षेप असा की जागा ठेवली तर कुणीतरी कट मारून घुसतं. घुसतं ना! घुसू द्या आणि पाय थोडा उचलून अंतर पुन्हा करून घ्या. एक गाडी घुसली की तुमचे दोनएक सेकंद जातात. तासाभरात वीस जण घुसले तरी चाळीस सेकंद. एवढ्यासाठी पुढच्याच्या बंपरवर नाक ठेवून तासभर ताणात बसायचं?

आणि कुणी तुम्हालाच मागून चिकटला तर? ब्रेकदिवे चमकवून धडा शिकवायचा नाही, वेग वाढवून पळायचंही नाही. पुढचं अंतर तीनवरून पाच-सहा सेकंदांवर न्या. मागच्याला थांबायला जागा नाही, म्हणून त्याच्या वाटणीची जागाही तुम्हीच पुढे राखायची, म्हणजे काही झालं तरी तुम्हाला हळूहळू ब्रेक लावता येईल आणि तो तुमच्यावर येऊन आदळणार नाही. मग संधी मिळाली की साइड देऊन त्याला पुढे जाऊ द्या. उतारावर न्यूट्रल करण्याबद्दलही बोलायचं होतं, पण दुसरी चिठ्ठी आली आहे आणि या वेळी त्यांनी ती हातात न देता माइकसमोरच धरली आहे.