नकाशावरचा हिरवा चौकोन जातो कुठे?

हे बघा, हा आमच्या गावाचा जुना डीपी, म्हणजे विकास आराखडा. यात हा हिरवा चौकोन दिसतोय ना, ते बागेचं आरक्षण, आणि मी आत्ता बरोब्बर त्याच जागेवर उभा आहे, मागे काय दिसतंय? पार्किंगसकट सहा मजली बिल्डिंग. लगेच कमेंटमध्ये "पैसे खाल्ले" लिहू नका, खाल्ले असतील नसतील मला माहीत नाही, पण हे सगळं कायद्यात बसवूनही होतं.

कायदा म्हणजे आपला एमआरटीपी, महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम, १९६६ चा. त्याचं कलम १२७ काय म्हणतं, तर आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा घ्यायला सुरुवातही केली नाही तर आरक्षण गेलं. आणि मालकाचं तरी काय चुकलं हो, जमीन वर्षानुवर्षं अडकवून ठेवायची, पैसे द्यायचे नाहीत आणि बांधूही द्यायचं नाही! टीडीआर द्या म्हणतात, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे जास्त बांधायचा हक्क, जो विकताही येतो, पण छोट्या गावात तो विकत घेणारा बिल्डर भेटायला पाहिजे ना.

म्हणजे खरी गोची पैशाची. आता अमेरिकेतलं बोल्डर घ्या, कोलोरॅडोमधलं, लोकसंख्या साधारण एक लाख, म्हणजे आपल्याकडे छोटंच शहर. तिथल्या लोकांनी १९६७ साली मतदान करून स्वतःवरच विक्रीकर लावून घेतला, त्यातला ०.४ टक्का फक्त मोकळ्या जमिनी विकत घ्यायला. आज त्या शहराकडे ४५ हजार एकरांहून जास्त जागा आहे आणि जवळपास अडीचशे किलोमीटर पायवाटा. त्याआधी १९५९ मध्ये अजून एक भारी गोष्ट केली, डोंगरावर ५,७५० फुटांची एक निळी रेषा ठरवली आणि तिच्यावर शहराचं पाणी द्यायचंच नाही असं पास केलं. पाणी नाही तर बंगला कोण बांधणार? आता तिथे घरं प्रचंड महाग झालीत आणि काम करणारे बरेच लोक बाहेरगावाहून येतात, हेही सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू दाखवली.

आपल्याकडे पैसे नसले तरी निदान नदी-नाल्याकाठी चालायची एक वाट होऊ शकते, कारण गंमत म्हणजे निळी रेषा आपल्याकडेही आहे! निळी पूररेषा, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि ही रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई आहे, बाग, मैदान असला मोकळा वापर चालतो. म्हणजे चालायच्या वाटेसाठी निम्मी जागा आधीच राखीव आहे, विकत घ्यायची पण गरज नाही, फक्त मालकाशी बोलून वाट मोकळी ठेवायची. पण आपण काय करतो, तिथे राडारोडा टाकतो आणि मग संरक्षक भिंत.

वाटेसाठी दुसरी जागा लेआउटमधली, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडतात त्या आखणीतली. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडले की १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. ती सोडतात कुठे? जिथे प्लॉट विकला जाणार नाही अशा कोपऱ्यात, त्रिकोणी, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. हेच तुकडे प्रत्येक लेआउटने नाल्याच्या कडेला सोडले असते तर एकाला एक जोडून सलग पट्टा झाला असता आणि आजोबा-आजींना फिरायला हायवेवर जावं लागलं नसतं. माझं तर मत आहे की छोट्या गावात एक मोठं गार्डन करून कारंजं बसवण्यापेक्षा असा दहा फुटी पट्टा जास्त वापरला जाईल.

डीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस असतात. तेव्हा नुसतं "झाडं वाचवा" लिहून उपयोग नाही, सर्वे नंबर लिहा, इथे ही वाट हवी असं स्पष्ट लिहा, पोच घ्या, आणि सुनावणीला जा, कंटाळा करू नका.

मी काल स्टँडपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत नाल्याकाठाने चालून बघितलं. चाळीस मिनिटं लागली, मध्ये तीन ठिकाणी कंपाउंड आडवं आलं आणि एका ठिकाणी कुत्री मागे लागली. ती तीन कंपाउंडं नकाशावर लाल खुणेने दाखवलीत, फाइल डिस्क्रिप्शनमध्ये टाकतो, कुत्र्यांचं तुमचं तुम्ही बघा.