वेशीवरचा दगड आणि माळ्यावरचं दप्तर

(तालुक्याच्या गावातील एका इतिहास मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मघाशी माझी ओळख करून देताना 'इतिहाससंशोधक' असा शब्द वापरला गेला. तो जरा मोठा आहे. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात साखळी ओढण्यात गेली. बांधाबांधाने हिंडताना दगड दिसायचे. त्यांतले काही हद्दीचे नाहीत हे हळूहळू कळायला लागलं, आणि तिथून हा नाद लागला.

आज सकाळी मिरवणूक निघाली, ढोल वाजले, पोरींनी नऊवारी नेसून झांजा वाजवल्या. छान झालं. उत्सवाला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण मिरवणूक ज्या वेशीवरून गेली तिथे डाव्या हाताला एक वीरगळ आहे, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. त्याच्याकडे आज किती जणांनी पाहिलं? ध्वनिक्षेपकाची वायर मात्र त्यालाच गुंडाळली होती.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर किंवा लढाई, काही ठिकाणी पळवून नेत असलेली गुरं. मधे अप्सरा त्याला वर घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर तर चक्क नौकायुद्ध कोरलंय, वल्ह्यांसकट. आपल्या वेशीवरच्या दगडावर गुरं आहेत. म्हणजे कुणीतरी या गावची जनावरं सोडवताना मेला. नाव नाही, साल नाही. गाव त्याला 'वेशीवरचा बाबा' म्हणतं, शेंदूर लावतं, लग्नाचा नारळ फोडतं.

इथे माझी एक चूक सांगतो. पहिल्या उत्साहात आम्ही दोघं-तिघं रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन तो शेंदूर काढायला गेलो होतो. एक आजी आल्या. म्हणाल्या, "काय रं, त्याची कापडं कशापायी काढताय?" आम्ही ब्रश पिशवीत घातला. नंतर नीट विचार केला तेव्हा कळलं, हा दगड आजवर टिकला तो त्या शेंदरामुळे. देव म्हणून ठेवला नसता तर कधीच कुणाच्या जोत्यात गेला असता. वर तारेच्या ब्रशाने मऊ झालेला दगड खरवडला जातो तो वेगळाच. आता आम्ही एवढंच करतो : रात्री जाऊन बाजूने तिरपा बॅटरीचा झोत टाकतो. दुपारच्या उन्हात सपाट दिसणारं कोरीव काम अंधारात उठून येतं. फोटो, मापं, दगड कुठे उभा आहे, तोंड कुठल्या दिशेला, आणि लोक त्याला काय म्हणतात. वहीत एक पान होतं. बस.

ती वही म्हणजेच मंडळ, असं मी मानतो. बाकीचं सारं तिच्यामागून येतं. 7 जुलै 1910 रोजी पुण्यात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पण त्याच्या बारा वर्षं आधी, 1898 सालीच, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड राजवाड्यांनी बाहेर काढला होता. पुढे असे 22 खंड झाले. आधी गावोगाव हिंडून जुन्या कागदांची दप्तरं गोळा झाली, मग मंडळाची पाटी लागली. आपण पाटी आधी लावली, हरकत नाही, उलट दिशेने जाऊ. आणि हो, मंडळात भांडणं झाली म्हणून कुणी खचू नका. राजवाड्यांचंही त्यांच्या मंडळाशी पटेनासं झालं, ते धुळ्याला गेले, तिथेच 31 डिसेंबर 1926 ला वारले. धुळ्यात त्यांच्या नावाचं दुसरं मंडळ उभं राहिलं. एका भांडणातून दोन संस्था!

आता कागद. घराघरांत माळ्यावर फडक्यात बांधलेली दप्तरं आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. ती बाहेर का येत नाहीत? लोक अडाणी म्हणून नव्हे. लोक शहाणे आहेत म्हणून. जुना कागद निघाला की भाऊबंदकी निघते, वाटणी निघते, कोर्टाची तारीख निघते. मी मोजणी खात्यातला, मला तर कुणी दारात उभं करायचं नाही. म्हणून मंडळाने नियम केला : मूळ कागद घराबाहेर न्यायचा नाही. ओसरीवर बसायचं, घरच्या माणसासमोर फोटो काढायचा, त्यावरची जुनी मोडी लिपी वाचून दाखवायची, एक देवनागरी प्रत त्यांना द्यायची आणि चहा पिऊन उठायचं.

मोडी अवघड नाही, सवयीची आहे. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग लेखणी फारशी न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबकळत ठेवायची. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, हे ऐकून आमच्या वर्गातली दहावीची मुलं फार खूश झाली. खरी मेख सालात असते. 'खमस सबैन मया व अलफ' असं दिसलं की नवा माणूस कागद खाली ठेवतो. खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले 1175. हा शुहूर सन, जुन्या कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना. त्यात 599 मिळवा, इसवी सन 1774 आलं. मृगाला बदलणारं साल, म्हणून त्यातल्या जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी 600.

असाच एक महजर आम्हाला मिळाला. महजर म्हणजे गोतसभेचा निवाडा. वतनाचं भांडण, पंचांनी ऐकलं, लिहून दिलं. खाली सह्या नाहीत, निशाण्या आहेत. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. तो कागद आम्ही गेल्या साली चावडीवर मोठ्याने वाचला. हार नाही, पाहुणे नाहीत, सतरंजी आणि एक दिवा. वाचून झाल्यावर सुतारवाड्यातले एक आजोबा उठले, घरी गेले आणि स्वतःचा वाकस घेऊन आले. कागदाशेजारी धरून म्हणाले, "दांडा चुकीचा काढलाय. ह्या दांड्यानं फळी न्हाई, आंगठा तासला जाईल." पंधरा मिनिटं त्यावर वाद झाला. माझ्या मते मंडळाने आजवर केलेला सगळ्यात चांगला उत्सव तो.

त्याच बैठकीत एका मुलीने विचारलं, यात बाईची निशाणी कुठे आहे? त्या कागदावर नव्हती. गावची शीव दाखवायला महाराची साक्ष धरायचे, तिच्यावर हद्दीचा निकाल लागायचा, आणि त्याच माणसाला चावडीची पायरी चढता यायची नाही. मिरवणुकीत बारा बलुतेदारांचा हसरा चित्ररथ काढताना हे कागदावरचं गावही सोबत ठेवा, एवढीच विनंती. पुढच्या वर्षीचा रथ त्या मुलीला करायला द्या.

कायद्याचं दोन वाक्यांत सांगतो. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. कायदा 1878 चा आहे, आकडाही तेव्हाचाच. दुसरं, शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती किंवा कोरीव दगड कायद्याने पुरावस्तू ठरतो, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षंही पुरतात. ते देशाबाहेर विकायला नेता येत नाही. बंगल्याच्या बागेत शोभेला ठेवायला म्हणून जे लोक वीरगळ मागत येतात, त्यांना चहा द्या, दगड देऊ नका. जागेवरून हलला की त्याची अर्धी गोष्ट गेली. गुरं कुठल्या वाटेने पळवली, हे त्याच्या उभं राहण्यात आहे.

आता जेवणं आटोपली की आठ वाजता वेशीवर जमायचं आहे. मुलांनी बॅटऱ्या आणाव्यात, मोबाईलचा उजेड पुरत नाही. शेंदराला हात लावू नये. आजी तिथे असणार आहेत, नारळ त्या फोडतील. आणि मांडववाल्या पोरांनो, त्याआधी ती वायर तेवढी सोडून घ्या.