आधी इको, मग मशीन

कोथरूडमधली स्लीप लॅब, झोपेतला श्वास तपासायची जागा. रात्रीचे दहा वाजलेत. टेक्निशियन केस बाजूला सारून काकांच्या डोक्यावर एकेक इलेक्ट्रोड चिकटवतेय. मग हनुवटीवर, डोळ्यांच्या कडेला, पोटरीवर. नाकाखाली बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. आणि हे दोन पट्टे, एक छातीभोवती, एक पोटाभोवती.

"काका, खुशाल कूस बदला. वायर निघाली तर मी येऊन लावते."

शेजारच्या खोलीतल्या मॉनिटरवर वरची रेघ नाकातल्या हवेची, खालच्या दोन पट्ट्यांच्या. घसा बंद होऊन श्वास अडतो तेव्हा वरची रेघ सपाट होते, पण पट्टे हलत राहतात. छाती-पोटाची धडपड चालूच असते. आता इथे बघा. तिन्ही रेघा सपाट. दहा सेकंद. वीस. घसा मोकळा आहे, पण 'श्वास घे' हा मेंदूचा निरोपच आलेला नाही. हा सेंट्रल स्लीप अॅप्निया. मग श्वास परततो, मोठा होत जातो, लहान होत होत पुन्हा थांबतो. ही चढउतार म्हणजे चेन-स्टोक्स श्वसन. कमजोर हृदयाच्या पेशंटमध्ये ते बरेचदा दिसतं. काकांना हार्ट अटॅक येऊन गेलाय.

टेबलावर झोपेत मास्कमधून हवा देणारी तीन मशीन आहेत. दिसायला जवळपास सारखीच, आणि घोळ तिथेच होतो. ओळखीतल्या कुणाला सीपॅप मानवलं, म्हणून घरचे तेच उचलून आणतात. असं करू नका.

सीपॅप एकसारख्या दाबाने हवा देतं आणि घसा उघडा ठेवतं. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ते घशाच्या अडथळ्यासाठीच पुढे आणलं. सेंट्रलच्या काहींना त्याचा उपयोग होतो, सगळ्यांना नाही. बायपॅपमध्ये श्वास घेताना दाब जास्त, सोडताना कमी. पण त्यात बॅकअप रेट हवाच, म्हणजे पेशंटने श्वास घेतला नाही तर मशीनने स्वतः द्यायचा. साध्या बायपॅपने रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त उतरतो, मेंदूचा निरोप मंदावतो आणि श्वासाचे थांबे उलट वाढू शकतात.

तिसरं एएसव्ही. ते प्रत्येक श्वास मोजतं आणि कमी पडेल तेवढाच आधार देतं. पडद्यावरच्या रेघा पाहता पाहता सरळ होतात. पण 2015 च्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात, हृदयाचं पंपिंग, म्हणजे ईएफ, 45 टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या सेंट्रल अॅप्नियाच्या पेशंटमध्ये एएसव्ही वापरणाऱ्यांचे हृदयविकाराने मृत्यू जास्त झाले. पुढच्या एका अभ्यासात, वेगळ्या मशीनवर, हा धोका दिसला नाही. तरीही टू-डी इको, म्हणजे ईएफ दाखवणारी हृदयाची सोनोग्राफी, पाहिल्याशिवाय एएसव्ही घेऊच नये.

काकांचा ईएफ 35. डॉक्टरांनी एएसव्ही बाजूला ठेवलं, हृदयाची औषधं नीट बसवली आणि सीपॅप लावून दुसरी रात्र काढायला सांगितलं.

मास्कचा पट्टा ओढताना काकू वाकून बघतात.

"अहो, आवळतंय का?"

"नाही गं. नाकाच्या बाजूने हवा येतेय जरा."

टेक्निशियन वरचा पट्टा सैल करते, मास्कची गादी पुन्हा बसवते, कडेला बोट फिरवून गळती तपासते. मग दाब थोडा थोडा वाढवत पहाटेपर्यंत रेघा बघत बसते. तासाला थांबे पंधराच्या खाली आले, तर सीपॅप कामाचं. नाही आले, तर बॅकअप रेटवाल्या बायपॅपची चाचणी.

उपचाराविना हृदयावरचा ताण वाढतो, दिवसा झोप अनावर होते.

सकाळी आकडा आला: अकरा. काका सीपॅप घरी नेतायत, सध्या भाड्याने. महिन्याने मशीनमधलं कार्ड डॉक्टरांकडे आणायचंय.