स्पुटनिकची साद

पडद्यावर दिसणाऱ्या या चकचकीत गोळ्याचा व्यास 58 सेंटीमीटर आणि वजन 83.6 किलोग्रॅम. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन अर्धगोल 36 बोल्टांनी घट्ट जोडलेले, आत नायट्रोजन वायू, तीन बॅटऱ्या, रेडिओ प्रेषक आणि तापमान वाढले की सुरू होणारा एक लहानसा पंखा, तर बाहेर मागे झुकलेल्या चार लांब अँटेना. स्पुटनिक या पृथ्वीच्या पहिल्या कृत्रिम उपग्रहात याहून फारसे काही नव्हते.

वास्तविक आधी हा उपग्रह जायचाच नव्हता. सोव्हिएत रॉकेट-अभियंते सेर्गेई कोरोल्योव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार किलोंहून जड, उपकरणांनी भरलेला उपग्रह योजला होता. परंतु ती उपकरणे वेळेत तयार होईनात, आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे 1957-58 च्या जागतिक वैज्ञानिक अभ्यासमोहिमेत, आपणही उपग्रह सोडणार असल्याचे अमेरिकेने 1955 मध्येच जाहीर केले होते. तेव्हा कोरोल्योव्ह यांचे सहकारी मिखाईल तिखोनरावोव्ह यांच्या सूचनेवरून हलका, साधा गोळा पुढे आला आणि ‘सर्वात साधा उपग्रह’ हेच त्याचे कामकाजातले नाव ठरले. या साधेपणातच मोठे शहाणपण होते, असे त्याची रचना पाहताना वारंवार वाटते.

4 ऑक्टोबर 1957 रोजी कझाकस्तानातील त्युराताम येथून, मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बांधलेल्या आर-7 रॉकेटाने त्याला अवकाशात नेले. सुमारे 96 मिनिटांची एक प्रदक्षिणा पूर्ण करून त्याचा आवाज पुन्हा कानी पडेपर्यंत तळावरील माणसे वाट पाहत राहिली.

बीप, बीप, बीप. एकेक ठोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. प्रेषणासाठी 20 आणि 40 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या कंप्रता निवडलेल्या असल्यामुळे जगभरातील हौशी रेडिओचालकांना तो घरबसल्या ऐकता आला. संध्याकाळच्या आकाशात लोकांनी जो सरकता ठिपका पाहिला, तो मात्र बहुतांशी मागोमाग फिरणारा रॉकेटाचा मुख्य टप्पा होता; उपग्रह स्वतः फार अंधूक दिसत असे.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ हा आवाज ध्वनिमुद्रित करू लागले. आगगाडी जवळ येताना तिची शिटी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू यावी, तशी उपग्रहाच्या संदेशाची कंप्रता बदलत होती, आणि एवढ्या चढउतारावरून त्यांनी त्याची संपूर्ण कक्षा मांडून दाखवली. पुढे 1958 मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा आधीच ठाऊक असेल, तर समुद्रातल्या पाणबुडीला स्वतःचे ठिकाण शोधता येईल काय? त्यातूनच ‘ट्रान्झिट’ ही उपग्रहांवर आधारित पहिली दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली.

तोवर घटना वेगाने घडत गेल्या होत्या. नोव्हेंबर 1957 मध्ये दुसऱ्या स्पुटनिकमधून गेलेली लायका ही कुत्री अतिउष्णतेने काही तासांतच दगावली, पण हे जगाला कळण्यास 2002 साल उजाडले. अमेरिकेचा पहिला उपग्रह, ‘एक्सप्लोरर-1’, जानेवारी 1958 च्या अखेरीस कक्षेत गेला.

पहिल्या स्पुटनिकच्या बॅटऱ्या मात्र तीन आठवड्यांतच संपल्या होत्या. 4 जानेवारी 1958 रोजी तो वातावरणात शिरून जळाला. त्याचा आवाज जगभर पोहोचला, पण कोरोल्योव्ह यांचे नाव सोव्हिएत सरकारने गुप्तच ठेवले. वृत्तपत्रांत ते छापून आले जानेवारी 1966 मध्ये, त्यांच्या निधनानंतर.