टेस्ट नको, पण ‘तो’ नाही ना?

परवा दवाखान्यात एक आजोबा आले. वय सत्त्याहत्तर, मधुमेह, सात वर्षांपूर्वी बायपास झालेली. दोन दिवस अंगात कणकण, घसा धरलेला, कोरडा खोकला. तपासून झालं, मी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून ठेवला, तसे ते पुढे झुकून, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “डॉक्टर, ‘तो’ नाही ना?” ‘तो’ म्हणजे कोविड. मी म्हटलं, “टेस्ट करू या, पंधरा मिनिटांत कळेल.” ते एकदम मागे सरकले. “छे छे, टेस्ट नको. तुम्ही नुसतं नाही म्हणा.”

पुण्यात जनरल प्रॅक्टिस करताना हा संवाद मी आता वारंवार ऐकते. मनात शंका आहे, पण उत्तर नको आहे. आणि खरं सांगायचं तर नुसतं तपासून मीही उत्तर देऊ शकत नाही. 2020 मध्ये अचानक वास जाणं ही मोठी खूण होती. ओमायक्रॉननंतर ती खूण बरीचशी पुसली गेली. आता कोविड, फ्लू आणि साधी सर्दी पहिल्या दोन दिवसांत एकमेकींसारख्याच दिसतात. मग आम्ही डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणतो. पेशंटलाही तो शब्द आवडतो, कारण त्यात नाव सांगावं लागत नाही आणि घाबरावंही लागत नाही. ‘बदलत्या हवेचं आहे, सगळीकडे साथ आहे’ असं म्हणत माणूस गोळ्या घेऊन थेट लग्नाला जातो.

लोकांनी टेस्ट करणं का सोडलं, याचं उत्तर ‘लोक बेफिकीर झाले’ असं देणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. आठवून बघा. 9 मार्च 2020 ला महाराष्ट्रातले पहिले रुग्ण आपल्याच पुण्यात सापडले, दुबईहून आलेलं जोडपं. त्यानंतरच्या महिन्यांत पॉझिटिव्ह येणं म्हणजे काय होतं? दारावर कागद चिकटायचा. इमारतीच्या फाटकाला बांबू लागायचे. रुग्णवाहिका यायची तेव्हा गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी राहायची. घरातल्या माणसाला नेलं की तो परत दिसेल की नाही, सांगता यायचं नाही. सुरुवातीला खासगी प्रयोगशाळेत आरटीपीसीआरला 4500 रुपये मोजावे लागायचे. मार्च 2021 अखेर राज्य सरकारने तो दर 500 वर आणला, तोवर अनेक घरांचं कंबरडं मोडलं होतं. ज्या तपासणीने माणसाकडून इतकं काही हिरावून घेतलं, तिची धास्ती सहजासहजी जात नाही.

हे या शहराला नवीन नाही. 1897 च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधत होते, तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवली. त्यांना प्लेग कळत नव्हता असं नाही. कळल्यावर काय होणार हे फार चांगलं कळत होतं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 ला गेल्या. एकाच वर्षी, एकाच गावात, आजारी माणसाकडे जाण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. तपासणी घेऊन दाराशी येणारा माणूस यांपैकी कुठला वाटतो, यावर दार उघडणार की नाही हे ठरतं.

आणि 2009? 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलगी होती. नंतर नायडू रुग्णालयाबाहेरची ती रांग, नाकाला रुमाल बांधलेली हजारो माणसं, तुमच्यापैकी कित्येक जण त्या रांगेत उभे असतील. तेव्हा लोक तपासणीसाठी भांडत होते. तोच स्वाइन फ्लूचा विषाणू, एच1एन1, आज दर पावसाळ्यात येतो आणि फारसं कुणी विचारत नाही. साथ ओसरली की तिचं नावही आपण सोडून देतो. कोविडचंही तेच झालं. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. 5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पुष्कळांनी त्याचा अर्थ ‘कोविड संपला’ असा लावला. संपली होती ती आणीबाणी. विषाणू दर काही महिन्यांनी नवा उपप्रकार घेऊन येतोच आहे. डिसेंबर 2023 मध्ये जेएन.1 आला, गोव्यात आणि सिंधुदुर्गात त्याचे रुग्ण सापडले. 2025 च्या मे-जूनमध्ये पुन्हा आकडे चढले, देशातले सक्रिय रुग्ण सात हजारांवर गेले. या आकड्यांकडे बघताना एक ध्यानात ठेवा, हे फक्त ज्यांनी तपासणी केली त्यांचे आकडे. जे ‘व्हायरल’ म्हणून घरी बसले ते यात नाहीत. म्हणून तर पुण्यातल्या संशोधकांनी सांडपाण्याचे नमुने तपासायला घेतले. संसर्ग झालेल्या माणसाच्या शौचातून विषाणूचे अंश बाहेर पडतात, नाल्यात पोचतात आणि शहरात साथ वाढते आहे का, ते सांगतात. माणसं सांगत नाहीत ते गटार सांगतं. पण गटार तुमच्या घरात काय आहे, ते सांगू शकत नाही.

आता ते किट. घरच्या घरी करायच्या कोविड तपासणीचं आपल्या देशातलं पहिलं मंजूर किट पुण्यातल्याच मायलॅब कंपनीने तयार केलं, मे 2021 मध्ये, तेव्हा किंमत 250 रुपये. त्याच कंपनीने 2020 च्या मार्चमध्ये पहिलं भारतीय आरटीपीसीआर किटही बनवलं होतं. त्या पथकाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी ते किट मूल्यमापनासाठी सोपवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या बाळंत झाल्या. आपल्या गावातल्या एका बाईने ही गोष्ट केली, आणि त्याच कंपनीचं घरी वापरायचं किट आज औषधाच्या दुकानात मागितलं तर दुकानदार ‘आता कोण घेतं हे’ असं म्हणतो, याचं मला वाईट वाटतं.

जे वापरतात तेही बरेचदा चुकीचं वापरतात, म्हणून जरा तपशिलात सांगते. कापसाची काडी नाकाच्या तोंडाशी फिरवून चालत नाही. साधारण दोन ते चार सेंटिमीटर आत, दोन्ही नाकपुड्यांत, भिंतीला टेकवून पाच-पाच वेळा फिरवायची. सी ही रेघ, म्हणजे किट नीट चाललं हे सांगणारी, उमटलीच नाही तर टेस्ट बाद, ती निगेटिव्ह नव्हे. सी आणि विषाणू सापडल्याची टी अशा दोन्ही आल्या, टी कितीही पुसट असली तरी, पॉझिटिव्ह. पंधरा मिनिटांनी बघायचं. विसरून दोन तासांनी बघितलं आणि रेघ दिसली तर तिच्यावर विसंबू नका. आणि सगळ्यात मोठी चूक: सकाळी घसा दुखला, दुपारी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, संध्याकाळी कार्यक्रमाला गेले. पहिल्या दिवशी नाकात विषाणू इतका कमी असू शकतो की किटला तो सापडतच नाही. 48 तासांनी पुन्हा करायची. एक निगेटिव्ह टेस्ट म्हणजे मोकळं सुटल्याचा दाखला नाही. उलट, बरं झाल्यावर कितीतरी दिवस आरटीपीसीआर पॉझिटिव्ह येत राहू शकते, विषाणूचे मेलेले तुकडे तिला दिसतात; त्यामुळे बरं वाटू लागल्यावर ती पुन्हा पुन्हा करून स्वतःला घाबरवू नका.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी 2023 च्या दिवाळीत माझ्या हातून जे झालं ते सांगते.

माझ्या थोरल्या भावाची तेव्हा केमो चालू होती. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी माझा घसा खवखवत होता. दिवाळीतले फटाके, धूर, जागरण, मी म्हटलं त्याचंच आहे. किट ड्रॉवरमध्ये होतं. ते काढावं असं मनात आलंही होतं. पण पॉझिटिव्ह आलं तर ओवाळायला जाता येणार नाही, आणि पुढच्या भाऊबीजेला तो असेल की नाही कुणास ठाऊक, या विचाराने मी ड्रॉवर उघडला नाही. गेले, ओवाळलं, दोन तास शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला. अकरा दिवस रुग्णालयात, त्यातले चार ऑक्सिजनवर. त्याला कोविड निघाला. तो वाचला, आज बरा आहे. माझ्याकडूनच गेला का, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी बघितलंच नाही. त्या आजोबांसारखंच मलाही उत्तर नको होतं.

तेव्हापासून ‘सर्दी-खोकला झाला, टेस्ट करू का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्या घरात कोण आहे, आणि पुढचे पाच दिवस तुम्ही कुणाकुणाला भेटणार आहात? घरात केमोवरचं माणूस असेल, डायलिसिस चालू असेल, किडनी बदललेली असेल, ऐंशीच्या पुढची आई असेल, तर टेस्ट करा. तुम्ही स्वतः साठीच्या पुढे असाल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल, तर नक्की करा, आणि लवकर करा. कारण कोविडवरच्या तोंडाने घ्यायच्या विषाणूरोधक गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. फ्लूच्या ओसेल्टामिविरचा सगळ्यात चांगला उपयोग पहिल्या 48 तासांत. ‘दोन दिवस बघू, नाही उतरला तर जाऊ’ ही आपली घरोघरची रीत. त्या दोन दिवसांत औषधाची वेळ निघून जाते. आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही डॉक्टरांना सांगा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी यातल्या एका औषधाचं जमत नाही.

आणि पंचवीस वर्षांचा धडधाकट मुलगा, एकटा खोलीवर राहणारा? त्याला मी टेस्टचा आग्रह धरत नाही. पॉझिटिव्ह आली काय किंवा निगेटिव्ह, त्याने तेच करायचं आहे: घरी राहायचं, पाणी प्यायचं, बाहेर पडावंच लागलं तर मास्क लावायचा. पावसाळ्यात त्याच्याकडे मोजकेच पैसे असतील तर मी ते डेंगीच्या एनएस1 या रक्ततपासणीवर खर्च करायला सांगेन, कारण डेंगी असताना अंगदुखीवर चुकीची गोळी घेतली तर रक्तस्रावाचा धोका असतो. इथे एक गंमत वाटावी अशी पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. डेंगीची तपासणी लोक आपणहून मागतात. ‘प्लेटलेट्स बघून घेऊ का?’ असं दारातूनच विचारतात. डेंगी झाला म्हणून कुणी दारावर कागद लावला नव्हता, एवढाच फरक आहे.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर मात्र कोविडचा विचार बाजूला ठेवा आणि क्षय आहे का यासाठी थुंकी तपासा. सरकारी केंद्रात ती तपासणी फुकट आहे. त्यासाठी वापरतात ते ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या कंपनीचं. 2020 मध्ये तेच यंत्र कोविड तपासायला लावलं होतं. कोविडच्या काळात क्षयाचे कितीतरी रुग्ण तपासणीवाचून राहिले. तो अनुशेष अजून आपल्या छातीत आहे.

हे सगळं मी एका व्याख्यानात बोलले, त्यानंतर एका बाईंनी विचारलं, ते इथे लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई खोकत येतात. टेस्ट करा म्हटलं की ‘काही नाही, साधा खोकला आहे’ म्हणतात. कसं समजवायचं?” मी विचारलं, पॉझिटिव्ह आली तर पाच दिवसांचा पगार देणार का? त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “तसं कधी बोलणं झालं नाही.” ताईंनाही ते ठाऊक आहे. चार घरची कामं, प्रत्येक घरी खाडा, महिन्याअखेर कापलेले पैसे. त्या टेस्टचं उत्तर त्यांना परवडत नाही. त्यांना आज संध्याकाळीच सांगा की पैसे कापले जाणार नाहीत, किट आम्ही आणून देऊ. मग बघा त्या टेस्ट करतात की नाही. आणि घरी जाऊन ड्रॉवरमधल्या जुन्या किटवरची मुदत बघा. 2022 चं असेल तर टाकून द्या, नवीन आणा, दोन आणा, कारण 48 तासांनी दुसरं लागणार आहे.