गुडघ्यांवरची टाकी

[दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळ. शटर वर जातं. आत ताडपत्रीखाली गाडी. बॉनेट नाही, समोरची काच नाही.]

ही गाडी १९२९ सालची. फोर्ड मॉडेल ए. व्हिंटेज हा शब्द आपण कुठल्याही जुन्या वस्तूला लावतो, पण मोटारींच्या जगात त्याला ठरलेली हद्द आहे. १९१९ च्या सुरुवातीपासून १९३० च्या अखेरपर्यंत बनलेली गाडी, तीच व्हिंटेज. ही त्या हद्दीत बसते, जेमतेम एक-दीड वर्षाने.

फोर्डने १९२६ साली हिंदुस्थानात आपली कंपनी काढली. गाड्यांचे सुटे भाग जहाजाने यायचे आणि मुंबईत त्यांची जोडणी व्हायची. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या या गाड्यांचं सामान कॅनडाहून यायचं. आमची गाडी आजोबांच्या हातात आली तेव्हाच ती कुणीतरी वापरलेली होती. माझ्या आठवणीत मात्र ती कधी चाललीच नाही. वाड्याच्या गाडीखान्यात ती उभी असायची आणि आम्ही पोरं तिच्यात बसून हॉर्न वाजवायचो. हॉर्नही तोंडानेच.

आज तिची पेट्रोलची टाकी बसवायची आहे.

[दृश्य: लाकडी घोडीवर ठेवलेली टाकी. कॅमेरा हळूहळू तिच्याभोवती फिरतो.]

टाकी म्हटलं की आपण गाडीच्या मागे, खाली वाकून बघतो. या गाडीत तसं बघितलं तर काहीच सापडणार नाही. इंजिन संपतं आणि समोरची काच सुरू होते, त्या दोहोंच्या मधला जो फुगीर पत्रा दिसतो ना, तोच टाकीचा वरचा भाग. वेगळं झाकण नाही, आवरण नाही. बाहेरून रंग दिलेला, आतून पेट्रोल. काचेच्या पुढ्यात मधोमध टोपण आणि चालकाच्या गुडघ्यांच्या वर १० अमेरिकन गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लिटर पेट्रोल. आपले तेलाचे १५ लिटरचे डबे मोजले तर अडीच डबे.

हे ऐकून लोक दचकतात. मीही दचकलो होतो. पण त्यामागे सरळ हिशेब होता. या गाडीला पेट्रोलचा पंपच नाही. टाकी उंचावर, पेट्रोलमध्ये हवा मिसळून ते इंजिनला देणारा कार्ब्युरेटर खाली, आणि पेट्रोल आपल्याच वजनाने उतरतं. हिच्या आधीच्या मॉडेल टी गाडीतही पंप नव्हता, पण तिची टाकी बहुतेक वर्षं सीटखाली होती. चढ फार उभा असला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जायचा आणि गाडी बंद पडायची. मग चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायचे! १९२७ च्या डिसेंबरात मॉडेल ए लोकांसमोर आली, तेव्हा ही टाकी पुढे आणि वर आली होती.

म्हणूनच या गाडीत टाकीचं काम म्हणजे बॉडीचंही काम. टाकी वाकडी बसली तर बॉनेट बसत नाही, दाराची फट बिघडते, स्टिअरिंगचा दांडाही ओढला जातो, कारण त्याचा आधार याच टाकीच्या पोटाला बोल्टने धरलेला आहे.

[दृश्य: मिस्त्री टाकीच्या तोंडाशी नाक नेतात.]

आमच्या मिस्त्रींनी टाकी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आधी वास घेतला. जुन्या पेट्रोलचा वास नव्या पेट्रोलसारखा नसतो. तो व्हार्निशसारखा, जरा आंबूस, घशात बसणारा असतो. टोपण उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला तर तळाला काळपट चिकट थर दिसत होता आणि त्यावर खपल्या.

त्या खपल्यांची गोष्ट सांगायलाच हवी. दहा वर्षांपूर्वी आम्ही एकदा घाई केली होती. एका वर्कशॉपमध्ये टाकी नुसती पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेतली आणि आत सीलरचा लेप फिरवून घेतला. लेप दिसायला पांढराशुभ्र, वाटलं झालं काम. सात-आठ महिन्यांत तो दुधावरच्या सायीसारखा सुटला. खाली गंज तसाच होता, लेप गंजावर बसला होता. त्याचे पापुद्रे टाकीच्या तळाच्या जाळीवर जाऊन बसले आणि पेट्रोल उतरणंच थांबलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. लेप हा साफसफाईला पर्याय नाही. पत्रा चांगला असेल तर लेपाची गरजच नाही, आणि पत्रा गेला असेल तर लेप त्याला वाचवू शकत नाही. तो सगळा लेप काढायला या वेळी आम्हाला अकरा दिवस लागले. थिनर ओतायचं, टाकी कुशीवर वळवायची, थांबायचं, पुन्हा ओतायचं.

[दृश्य: अंगणात टाकी. तोंडातून लोंबकळणारी लोखंडी सळई, बॅटरी चार्जर, पाण्यावरचा फेस.]

मग गंज. गंज काढायच्या तऱ्हा अनेक आहेत. कुणी आत साखळीचे तुकडे घालून टाकी गदागदा हलवतात. कुणी एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी भरून आठवडेच्या आठवडे ठेवून देतात. मळीने गंज निघतो, ते खरं आहे. आम्ही मात्र धुण्याच्या सोड्याची वाट धरली.

टाकी पाण्याने भरली. लिटरला साधारण एक चमचा सोडा. तोंडातून एक लोखंडी सळई आत सोडली, रबराच्या बुचात अडकवून, म्हणजे ती टाकीला कुठेही टेकणार नाही. बारा व्होल्टचा चार्जर घेतला. धन टोक सळईला, ऋण टोक टाकीला. हे उलटं झालं तर सळई वाचते आणि टाकी खाल्ली जाते, म्हणून मिस्त्रींनी दोन्ही चिमट्यांना रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. सळई स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठही वापरायचं नाही, त्याने क्लोरिन वायू सुटतो.

चार्जर लावला की पाच मिनिटांत बुडबुडे सुरू होतात. तो हायड्रोजन. म्हणून हे काम उघड्या अंगणात करायचं, आणि चिमटा काढायच्या आधी चार्जरचं बटण बंद करायचं, ठिणगी नको. संध्याकाळी सळई वर काढली तर तिच्यावर तपकिरी चिखलाचा जाड थर. खरवडायची, पुन्हा सोडायची, जरा जागा बदलून, कारण सळईच्या समोर जेवढा पत्रा येतो तेवढाच नीट साफ होतो. कोपरे मागे राहतात. कोपऱ्यांसाठी, पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या गेजच्या भोकातून दुसरी सळई घातली. असे चार दिवस.

पाणी ओतलं, आत पाहिलं, तर पत्रा राखाडी. गंज नाही. पण असा उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस व्हायला लागतो. म्हणून लगेच पातळ फॉस्फोरिक ॲसिडचा हात, मग गरम हवेचा झोत, आणि वाळल्यावर टू-स्ट्रोक ऑइल घातलेलं थोडं पेट्रोल आत फिरवलं.

हे पेट्रोल फिरवायच्या आधी मात्र एक काम उरकायचं होतं. डाग देण्याचं, म्हणजे वितळलेल्या धातूने भोकं बुजवण्याचं.

[दृश्य: टाकीच्या शिवणीवर साबणाचा फेस. एक बुडबुडा फुगतो. कॅमेरा तिथेच थांबतो.]

बघा, इथे. सगळी भोकं बंद केली, सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी फिरवलं. जास्त हवा भरायची नाही, पत्रा फुगतो आणि मग तो कधीच बॉडीवर बसत नाही. शिवणीपाशी तीन ठिकाणी बुडबुडे आले. सुईच्या टोकाएवढी भोकं. नुसत्या नजरेला दिसली नव्हती.

आता जे सांगतो ते नीट ऐका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. पेट्रोलचा द्रव भडकतो, पण त्याची वाफ हवेत मिसळली की तिचा स्फोट होतो. हवेत ही वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पुरे. वर्षानुवर्षं कोरडी पडलेल्या टाकीच्या शिवणीत पेट्रोल दबून राहतं आणि उष्णता लागली की वाफ होऊन बाहेर येतं. म्हणून आमच्या टाकीला सोड्याच्या गरम पाण्याने चार वेळा धुतली, आणि डाग देताना भोकाच्या खाली दोन बोटांपर्यंत पाण्याने भरून ठेवली. म्हणजे आत वाफेला जागाच नाही.

ज्वाळा टाकीजवळ आणलीच नाही. तांब्याच्या डोक्याचं जुनं सोल्डरिंग आयर्न, ते तापवायची शेगडी पार शेडच्या दुसऱ्या टोकाला. मिस्त्री तिथून तापलेलं आयर्न घेऊन चालत यायचे, दोन टिपके द्यायचे आणि परत जायचे.

हे काम बघताना मला कल्हईवाला आठवला. पितळी भांड्यात ताक कळकू नये म्हणून तो आतून कथील फिरवायचा, नवसागराचा पांढरा धूर व्हायचा आणि भांडं चांदीसारखं व्हायचं. त्या काळातल्या पेट्रोलच्या टाक्यांनाही अशीच कल्हई असे, फक्त तिच्यात कथलापेक्षा शिसं जास्त. म्हणून या पत्र्यावर डाग सुरेख बसतो. ६३ भाग कथील, ३७ भाग शिसं. हे मिश्रण १८३ अंशांना वितळतं. इतक्या कमी उष्णतेत काम झालं की पत्रा ताणला जात नाही. वेल्डिंग केलं असतं तर या फुगीर पत्र्याला लाटा आल्या असत्या, आणि हा पत्रा तर गाडीचा दर्शनी भाग.

[दृश्य: मिस्त्रींच्या तळहातावर बुचाचा तरंगक, काळवंडलेला.]

हा पेट्रोलच्या गेजचा तरंगक. गेज टाकीतच बसवलेला. वायर नाही, वीज नाही. बुचाचा तुकडा पेट्रोलवर तरंगतो, त्याची दांडी आकड्यांची तबकडी फिरवते आणि डॅशबोर्डच्या छोट्या काचेतून आपण थेट टाकीच्या पोटात बघतो. काचेच्या गॅस्केटने, म्हणजे तिच्या कडेची फट बंद करणाऱ्या पट्टीने, जरा हार मानली की पेट्रोल चालकाच्या मांडीवर.

जुन्या बुचांना लाखेचा लेप असायचा. पेट्रोलमध्ये लाख विरघळत नाही. पण आज पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे आपल्याकडच्या कुठल्याही सुताराला विचारा. चपडा लाख स्पिरिटमध्ये घालूनच तो पॉलिश करतो. लेप गेला की बूच पेट्रोल पितं, जड होतं, बुडतं, आणि टाकी भरलेली असतानाही तबकडी रिकामी दाखवते. ज्या जिल्ह्यात उसाच्या मळीपासून इथेनॉल बनतं, तिथेच १९२९ च्या गाडीला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतंय. आम्ही बूच जपून ठेवलं आणि जागी नायट्राइल फोमचा तरंगक लावला. गॅस्केटही इथेनॉल सोसणारी. इथेनॉल पाणी ओढतं आणि पाणी जड असल्याने तळाला बसतं, बरोबर नळाच्या तोंडाशी. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवायचंच नाही, असं आता आमच्या घरात ठरलं आहे.

[दृश्य: टाकी उचलून बॉडीवर ठेवतात. चार हात.]

बसवायला दोघं लागतात. टाकी आणि बॉडीच्या मध्ये विणलेली पट्टी अंथरायची, नाहीतर पत्र्यावर पत्रा घासून गाडी आयुष्यभर कुरकुरते. बोल्ट सगळे आधी नुसते बोटांनी.

"आवळू का, मामा?" मी मिस्त्रींना विचारलं.

"थांबा की. बॉनेट ठेवून बघू आधी."

बॉनेट ठेवलं. डावीकडे फट करंगळीएवढी, उजवीकडे नखाएवढी. बॉनेट काढलं, टाकी मुठीच्या हलक्या ठोक्याने सरकवली, पुन्हा बॉनेट. असं पाच वेळा. मग दार उघडून-मिटून पाहिलं. मग कुठे पाना हातात. एक बोल्ट या बाजूचा अर्धा फेरा, एक त्या बाजूचा अर्धा फेरा. त्यानंतर पुढची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा, स्टिअरिंगचा आधार, शेवटी डॅशबोर्डची पट्टी. खाली नळ, त्याची जाळी, तिथून नळी, गाळाची वाटी, कार्ब्युरेटर.

टोपण लावायच्या आधी मिस्त्रींनी त्याच्या बारीक छिद्रातून तार घालून पाहिली. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेलाला, एक हवेला. इथेही तेच. हवेचं भोक बुजलं तर चार-पाच किलोमीटरवर गाडी गपकन बंद पडते आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

[दृश्य: टाकीत पेट्रोल ओतलं जातं. गेजची तबकडी हलते. पाव.]

दहा लिटर घातलं. तबकडी हलली, पावापाशी थांबली. नळ उघडला, वाटी भरू दिली, नळ बंद केला आणि गाडीखाली रद्दीचे कागद अंथरले. त्या रात्री मी दोनदा उठून शेडमध्ये येऊन गेलो.

[दृश्य: सकाळ. जमिनीवर वर्तमानपत्र. कॅमेरा त्याच्या अगदी जवळ.]

कागद कोरडा. शिवणीखाली मिस्त्रींनी बोट फिरवलं, बोटाला वास घेतला आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. वास नव्हता.

मग डॅशबोर्डखाली हात घालून त्यांनी नळ उघडला. "हे लक्षात ठेवा," ते म्हणाले, "बसलं की उघडायचा, उतरलं की बंद करायचा. पेट्रोल आपल्या पायांनी खाली येतंय. ते तुमच्यासाठी थांबायचं नाही."

मी आजोबांच्या जागेवर बसलो.