किनाऱ्याची उंडी

मंडळी, आज विषय उंडीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या एका झाडाचा. गोव्यात पेडण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यावर वडीलधाऱ्यांना विचारून बघा, वीज येण्याआधी दिवा कशावर जळायचा. अनेक घरांतून उत्तर येईल, उंडेल, म्हणजे उंडीचं तेल. काळपट हिरवं, दाट, उग्र वासाचं तेल. होडीच्या फळ्यांना तेच चोपडायचं, दुखऱ्या सांध्यांना तेच लावायचं. खायला मात्र चालत नाही, ते विषारी.

हे तेल काढायची रीत मला फार विलक्षण वाटते. फळ लिंबाएवढं, गोल. कवच फोडलं की आत पांढरा गर. ताजा असताना त्यातून तेल जवळजवळ निघतच नाही. कित्येक आठवडे वाळवला की तो तांबूस होतो, मग तपकिरी, हाताला चिकट लागतो, आणि तेव्हा कुठे घाण्यावर तेल सुटतं. घाई केली तर सगळी मेहनत वाया.

आता झाड ओळखायचं कसं? पान उजेडासमोर धरा. मधल्या शिरेपासून जवळजवळ काटकोनात निघालेल्या शिरा इतक्या बारीक आणि इतक्या दाटीने समांतर जातात की दुसऱ्या झाडाशी गल्लत होत नाही. देठ तोडला तर चीक येतो. फुलं पांढरी, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका, आणि सुवास असा की बहरलेलं झाड दिसण्याआधी कळतं. डोलकाठीचं प्रसिद्ध पून लाकूड मात्र हिचं नव्हे, ते घाटातल्या हिच्या भावंडाचं.

उंडीचा प्रसार दोन वाटांनी होतो. फळाच्या कवचाखाली भुसभुशीत थर असतो, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगत दूर जातं. पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत हे झाड पसरलंय ते उगाच नाही. दुसरी वाट वटवाघळांची. ती वरचा पातळ गर खातात आणि बी आपल्या बसायच्या जागेखाली टाकतात. वटवाघळांना हाकलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आपल्या किनाऱ्यावर आज जिकडे तिकडे सुरू नावाचा वृक्ष दिसतो. शेजारच्या कारवारला १८६८ मध्ये तो जळणासाठी आणला गेला. भराभर वाढतो, वाळूत तग धरतो, म्हणून वनखात्यांना आवडला. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सुरूखाली काड्यांचा जाड थर साचतो आणि दुसरं रोप सहसा डोकं वर काढत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात. त्यांना मोकळी वाळू लागते आणि अंधार लागतो, कारण पिल्लं उजेडाकडे धावतात. वाळूच्या टेकड्यांमागे उंडीची घनदाट रांग असली तर हॉटेलांचे दिवे अडतात, खारा वाराही अडतो. पुढे मर्यादवेल, मग केवडा, मागे उंडी, अशी रचना मला किनाऱ्यासाठी सगळ्यात भरवशाची वाटते. भूखंडाची किंमत वाढली की सर्वांत आधी हीच मागची रांग तुटते, याचं मला मनापासून दुःख आहे.

लावायची असेल तर झाडाखाली पडलेली पिकली फळं गोळा करा. बी फार दिवस ठेवू नका, रुजायची ताकद जाते. टणक कवच जपून तडकवलं तर कोंब लवकर येतो, नाहीतर काही महिने वाट बघावी लागते. रोपाला सुरुवातीला थोडी सावली द्या, गुरांपासून कुंपण घाला. भरतीच्या रेषेत किंवा कासवांच्या वाळूत लावू नका, टेकडीच्या मागच्या अंगाला लावा. वाढ सावकाश असते, तेव्हा पहिल्या दोन पावसाळ्यांत फारसं काही दिसलं नाही म्हणून तिथे सुरूचं रोप खुपसू नका.